ॲव्हिसची ओठबोली

मोरकॅम्ब
१२ सप्टेंबर १९४८

प्रिय एडिथ,

मी पळून आले असं कुणाला सांगू नकोस. दिवसाढवळ्या, हातात पेटी घेऊन, समोरच्या दारानं बाहेर पडले. बाबा तेवढे त्या वेळी मागच्या अंगणात होते, त्याला मी काय करू?

कंपनीत घेतलंय मला. दर सोमवारी नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, दुपारी पडदे रंगवायचे आणि सरस उकळायचा, संध्याकाळी या आठवड्याचा प्रयोग. या खेपेस मी मोलकरीण आहे. दुसऱ्या अंकात येऊन म्हणते, "बाईसाहेब, गाडी आली." एवढंच. पण एडिथ, ते म्हणायच्या आधी दाराआड उभी असते ना, तेव्हा तळपायापासून अंग थरथरतं. गिरणीत पाच वर्षं काढली, तसं कधी झालं नाही.

एक अडचण आहे. मालकांच्या पत्नी, मिसेस पिम, उच्चार शिकवतात. परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिस थॉर्नबर, तुम्ही बोलताय की टॉफी चघळताय? ओठ एवढे का ताणता?" मी सांगितलं, विणाईच्या खात्यात चारशे माग एकदम धडधडत असतात, कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून आम्ही सगळ्या ओठांनीच बोलतो आणि ओठांवरूनच समजून घेतो. त्यावर म्हणाल्या, "इथे माग नाहीत. विसरा ते."

म्हणून रोज सकाळी आरशासमोर बसून विसरायचा सराव करतेय.

आईला सांग, खोली कोरडी आहे आणि घरमालकीण चॅपलला जाणारी आहे.

तुझी,
ॲव्हिस


नेल्सन
१९ सप्टेंबर १९४८

प्रिय ॲव्हिस,

जेवणाच्या टेबलावर तुझं नाव काढायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय. त्यामुळे त्यांची मान ताटात गेली की आई आणि मी तुझ्याबद्दल ओठांनी बोलतो. परवा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मांस एवढं चिवट आहे का आज?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझे माग क्लारा व्हिटमला दिलेत. ती म्हणते, "नटी झाली म्हणून काय झालं, आमच्याशी बोलेल ना?" मी म्हटलं, तिला आता बोलायलाच मनाई आहे, गाडी आली तेवढं सांगते.

लोकरी मोज्यात तीन अंडी गुंडाळून पाठवतेय. एखादं फुटलं तर मोजा धू, टाकू नकोस. रेशनवर दुसरा मिळणार नाही.

मला हे नाटकाचं काही कळत नाही, ॲव्हिस. पाच वर्षांत तुझ्या हातच्या कापडाला एकदाही दंड बसला नव्हता. असा हात सोडून तू खोट्या गाड्या आल्याचं सांगतेस. पण गेलीच आहेस तर नीट सांग.

एडिथ


लंडन
६ मार्च १९५७

प्रिय एडिथ,

आईच्या अंत्यविधीला मी दोन तासच थांबले, हे तू चार वर्षं मनात ठेवलं आहेस. नाताळच्या कार्डावर नुसती तुम्हा नवराबायकोची नावं, "एडिथ आणि विल्फ", लिहिलेली असतात, त्यातून मला कळतं. त्या दिवशी संध्याकाळी माझा प्रयोग होता. माझ्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. आजही तेच करीन का, ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगते की त्या प्रयोगात मी काय बोलले ते मला अजिबात आठवत नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मंगळवारी दुपारी आमच्या नाटकातल्या मुख्य भूमिकेच्या बाई जिन्यावरून पडल्या. पायाचं हाड मोडलं. पाच वाजता व्यवस्थापक माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "थॉर्नबर, सगळं पाठ आहे ना?" मी तीन महिने रोज विंगेत उभी राहून ते नाटक ऐकत होते. मी म्हटलं, "आहे." बाईंचा झगा मला वीतभर मोठा. अकरा टाचण्या लावून घट्ट केला. पहिल्या अंकात एक सुटली आणि पडदा पडेपर्यंत पाठीत टोचत राहिली. पण मला वाटतं, त्या टाचणीमुळेच मी घाबरायची विसरले.

एडिथ, लोक उठून उभे राहिले. आज सकाळच्या पेपरात माझं नाव आहे, "उत्तरेकडची एक ताठ, खणखणीत बाई" असं लिहिलंय. कात्रण सोबत आहे. बाबांना दाखवावं की नाही, ते तू ठरव.

ॲव्हिस


नेल्सन
२ नोव्हेंबर १९६१

प्रिय ॲव्हिस,

आमच्या गल्लीत सात घरी टीव्ही आला, त्याला कारण तू. आमचा आठवा.

तुझी "टॅनरी रो" मालिका सुरू झाल्यापासून मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. तुझी ती भाजीवाली मिसेस ग्रीव्ह्ज आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. हात कमरेवर ठेवून गिऱ्हाइकाकडे बघते तशी आपली आजीच बघायची. क्लारानं तर परवा बाजारात खऱ्या भाजीवाल्याला सांगितलं, "मिसेस ग्रीव्ह्जनं असल्या सडक्या कोबीला हात लावला नसता." तो म्हणाला, "मग जा तिच्याकडे, लीड्सच्या स्टुडिओत."

बाबांबद्दल विचारलं होतंस. तुझं नाव अजून काढत नाहीत. पण दर मंगळवारी साडेसातला वर जाऊन चॅपलचा कोट घालतात, टाय बांधतात, केस विंचरतात आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसतात. संपलं की टाय काढतात. विल्फनं एकदा विचारलं, "टीव्हीसाठी कशाला एवढं?" म्हणाले, "घरात बाई येते, तर बनियनवर बसू का?"

ते कात्रण चार वर्षं त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

रविवारी ये. पावाचं पीठ मळायला मदत कर म्हणणार नाही, नुसती ये.

एडिथ


नेल्सन
११ फेब्रुवारी १९७४

प्रिय ॲव्हिस,

बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी मंगळवारी त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघते. परवाही बघितलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सरळ विचारते.

मालिकेत तुझा नवरा झालेला तो डेनिस कॉर्बी तुला सांगत होता की दुकान विकूया. तू त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हतीस. तोंडाकडे बघत होतीस. पुढच्या प्रवेशात पोस्टमनच्या तोंडाकडे. दुसऱ्या कुणाला ते प्रेमळ वाटलं असेल, माझं आयुष्य विणाईत गेलंय. ऐकणारी बाई कुठे बघते आणि वाचणारी बाई कुठे बघते, हे मला अंधारातसुद्धा कळेल.

दीड वर्षात तू घरी आलेली नाहीस. नाताळपासून टेलिफोनही नाही, "पत्रच बरं" म्हणतेस. तुला ऐकू येतंय का, ॲव्हिस?

एडिथ


लीड्स
१५ फेब्रुवारी १९७४

प्रिय एडिथ,

काहीतरीच तुझं. कॅमेऱ्यासाठी कुठे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो. तुमच्या टीव्हीच्या काचेवर विल्फनं पाळलेली कबुतरं बसत असतील, काच पूस आणि मग बघ.

मी अगदी बरी आहे. काम फार आहे.

ॲव्हिस


लीड्स
३ मे १९७४

प्रिय एडिथ,

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला मी खोटं उत्तर लिहिलं. आता खरं लिहिते.

उजवा कान तीन वर्षांपूर्वीच गेला. डाव्यात अजून थोडं आहे, समुद्र लांब असावा तसं. डॉक्टरांनी विचारलं, "तरुणपणी कुठे काम करत होता?" सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मागांवरच्या बायका रोज बघतो मी. फक्त पाच वर्षं होते, म्हटलं. म्हणाले, कुणाकुणाला तेवढी पुरतात.

मग मिसेस पिमनी जे विसरायला लावलं होतं, ते मी परत काढलं. तीन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. नुसती माझीच नाही, सगळ्यांच्या भूमिका पाठ करते. कोण कुठल्या शब्दाला श्वास घेतो तेही. समोरचा माझ्याकडे तोंड करून असला की काहीच अडत नाही.

परवा नवा दिग्दर्शक आला. तरुण आहे, घाईत असतो. डेनिसला म्हणाला, खिडकीकडे तोंड करून बोल. आणि ऐन वेळी संवाद बदलले. हे दिग्दर्शक वर काचेच्या खोलीत बसून लाउडस्पीकरवरून सांगतात. मी उभी होते, माझ्या वाक्याची वाट बघत. बराच वेळ गेला असावा. मग सगळे हसायला लागले. कॅमेरावाले, दिवेवाले, सगळे. सगळे हसतायत म्हणून मीही हसले.

नंतर रंगपटात मला कपडे घालणाऱ्या बाईनं रडत सांगितलं, तो वरून म्हणाला होता, "त्या बाईंना कुणीतरी उठवा रे."

एडिथ, ते हसले याचं मला काही नाही. मी हसले, ते मला गिळता येत नाही.

आता काय करू? पंचेचाळीस वर्षांची आहे. दुसरं काही येत नाही.

ॲव्हिस


नेल्सन
६ मे १९७४

प्रिय ॲव्हिस,

रडू नकोस, किंवा रडून घे आणि मग वाच.

आपल्या खात्यातल्या निम्म्या बायका आज बहिऱ्या आहेत. मलाही डाव्या कानानं काही ऐकू येत नाही. विल्फ कबुतरांचं सुरू करतो तेव्हा मी तोच कान त्याच्याकडे करते. आमच्यातल्या एकीलाही आजवर लाज वाटलेली मी बघितली नाही. लाज वाटायची असेल तर गिरणीवाल्यांना वाटू दे.

आता नीट ऐक. तीन वर्षं तू सगळ्यांची भूमिका पाठ करून, त्यांचे श्वास मोजून काम केलंस, आणि सबंध देशात एका माणसाला संशय आला नाही. मला आला, कारण मी तुझी बहीण आणि वर विणकरीण. हे तू चोरी केल्यासारखं का लिहितेस? मला चार माग एकदम सांभाळता यायचे, तर लोक कौतुक करायचे. तू किती सांभाळत होतीस?

उद्या जा आणि वरच्या साहेबाला सांग. स्वतःच्या तोंडानं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी.

आणि त्या दिग्दर्शकाला एक दिवस इकडे पाठव. क्लारा त्याला उठवेल.

एडिथ


लीड्स
२० जून १९७४

प्रिय एडिथ,

सांगितलं. मिस्टर प्रिचर्ड निर्माते आहेत, सज्जन आहेत. चहा मागवला, फार वेळ चमचा ढवळत बसले. मग म्हणाले, मिसेस ग्रीव्ह्ज ऑगस्टमध्ये कॅनडाला मुलाकडे जाईल. मालिकेत तिला मुलगा होता हे तेरा वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं.

पण दुसरी गोष्ट सांगते. बाहेर जिन्यात डेनिस उभा होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. म्हणून तर मी तुझ्याकडे तोंड केल्याशिवाय एक शब्द बोलत नव्हतो. समीक्षक लिहायचे, कॉर्बी फार समोर बघून बोलतो, लाकडी आहे. लिहू दे म्हटलं. त्या दिवशी मात्र त्या पोरानं खिडकीकडे वळवलं आणि मला 'नाही' म्हणायचं धाडस झालं नाही. माफ कर."

एडिथ, मला वाटत होतं मी एकटीच सांभाळतेय.

ऑगस्टनंतर काय, माहीत नाही. कानामागे लावायचं यंत्र घेतलंय. त्यातून माणसांपेक्षा बशा जास्त ऐकू येतात.

ॲव्हिस


मँचेस्टर
८ सप्टेंबर १९७७

प्रिय एडिथ,

तीन वर्षांत तुला लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. एका शाळेत मुलींना शिकवलं, दोन जाहिरातींत आजी झाले. आता घडलंय.

रोझलिंड ॲशवर्थ नावाची एक मुलगी आहे, एकोणतीस वर्षांची, पायात पुरुषी बूट. नाटक बसवतेय. गोष्ट विणकर बायकांची, एका गिरणीच्या शेवटच्या वर्षाची. मुख्य भूमिका साठीच्या एका विणकरणीची. मला भेटायला आली. मी दारातच सांगितलं, "मला ऐकू येत नाही." ती माझ्याकडे नीट तोंड करून म्हणाली, "नाटकात तिलाही येत नाही."

मी हो म्हटलं.

पण आता तिच्याशी भांडण झालंय. पहिला प्रवेश असा आहे: पडदा उघडतो, मागांचा आवाज धडधडतो, आणि सहा बायका चार मिनिटं नुसत्या ओठांनी बोलतात. रोझलिंड म्हणाली, "ओठ कसेही हलवा, प्रेक्षकांना काय कळणार?" मी म्हटलं, "नेल्सनच्या प्रेक्षकांना कळेल." "ते कुठे येणारेत?" म्हणाली. मी म्हटलं, ते येवोत न येवोत, मी खोटे ओठ हलवणार नाही.

बाकीच्या पाचजणींना ती बोली येत नाही, आणि मला येते ती तीस वर्षांपूर्वीची, अर्धी पुसलेली. शिकवायला खरी विणकरीण पाहिजे. एक आठवडा. येशील?

ॲव्हिस


नेल्सन
१० सप्टेंबर १९७७

ॲव्हिस,

वेड लागलंय का तुला? मी नट्यांना शिकवू? मला चॅपलमध्ये चार ओळी वाचायला सांगितल्या तरी घाम फुटतो. गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली. ती बोली आता बसच्या रांगेत लोकांच्या चुगल्या करायला तेवढी उरलीय.

विल्फ म्हणतो, "जा, आठवडाभर मला शांतता."

सोमवारी नऊच्या गाडीनं येते. जिने नसलेली खोली बघ.

एडिथ


नेल्सन
२६ सप्टेंबर १९७७

प्रिय ॲव्हिस,

सुखरूप पोचले. विल्फनं आठवडाभर डबाबंद वाटाणे खाल्ले आणि कबुतरांना माझ्यापेक्षा चांगलं जेवू घातलं.

स्टेशनवर तू विचारलंस, "कसं वाटलं?" आणि मी गाडी आली म्हणाले. तोंडावर बोलायला जमलं नाही. आता लिहिते.

तुझ्या त्या मुली चांगल्या आहेत. ती उंच, लाल केसांची आहे ना, तिचे ओठ पहिल्या दिवशी बूट घातल्यासारखे जड होते, शुक्रवारी मला लांबून म्हणाली, "तुमची गाठ सुटलीय," आणि खरंच माझ्या बुटाची नाडी सुटली होती. मला फार आनंद झाला. त्या रोझलिंडनंही माझ्यासमोर कबूल केलं की ती चुकली. वहीत सगळं लिहून घेत होती.

पण मी तुझ्याबद्दल सांगत होते. एकोणतीस वर्षं मला वाटत होतं, तू जे करतेस ते सोपं आणि खोटं आहे. आम्ही घाम गाळतो आणि ही छान कपडे घालून बोलते. बुधवारी मी भिंतीशी बसले होते आणि तू फक्त दारातून आत येऊन टोपली खाली ठेवत होतीस. एकदा, दहादा. मी मोजत होते, चाळीस वेळा. मला प्रत्येक वेळी सारखीच वाटत होतीस. तू मात्र दर वेळी मान हलवून परत दाराबाहेर जायचीस. एकेचाळिसाव्या वेळी तू आत आलीस आणि आपली आई आत आली. गिरणीतून आल्यावर टोपली ठेवायच्या आधी ती क्षणभर थांबायची, घरात कुणी आजारी नाही ना हे बघायला. तशी.

मी रुमाल काढला तो शिंकायला असं त्या मुलींना सांगितलं.

आईच्या दिवशी तू दोन तास थांबलीस, ते मी आता मनात ठेवत नाही. चोवीस वर्षं ठेवलं. फार झाली.

तुझी,
एडिथ


मँचेस्टर
१९ ऑक्टोबर १९७७

प्रिय एडिथ,

तू बस भरून गिरणीतल्या बायका आणणार आहेस हे आधी सांगितलं नाहीस! कळलं असतं तर मी पळून गेले असते, या वेळी मागच्या दारानं.

काल काय झालं ते माझ्या बाजूनं सांगते. पडदा उघडला, मागांचा आवाज सुरू झाला. तो मला पायांतून कळतो, फळ्या थरथरतात. आम्ही बोलायला लागलो. खाली भारी कपड्यांतली माणसं गंभीर चेहऱ्यानं बसली होती, आपल्याला काही कळणार नाही असं ठरवून आल्यासारखी. मग मी, तू शिकवलेलं, मुकादमानं पँट उलटी घातल्याचं वाक्य म्हटलं, आणि पुढच्या रांगेतल्या माणसांच्या माना एकदम मागे वळल्या, वर. लाल केसांच्या त्या मुलीनं मला ओठांनीच सांगितलं, "वरचा मजला हसतोय." पुढच्या वाक्याला परत वळल्या. दोन रांगा तर नाटक सोडून तुमच्याकडेच बघत बसल्या होत्या. आज पेपरात आलंय की स्वस्तातल्या जागांवर बसलेल्यांना काल महागड्या जागांवरच्यांपेक्षा जास्त कळलं. माझ्याबद्दलही बरंच चांगलं लिहिलंय. कात्रण पाठवत नाही, तुमच्याकडे पेपर येतोच.

मधे कुणीतरी मला उत्तरही दिलं म्हणे. आपल्या खात्यातली नेली असणार.

पण मला एक विचारायचंय. शेवटी आम्ही वाकून नमस्कार केला, तेव्हा खालच्यांच्या टाळ्या मला फळ्यांतून कळत होत्या. रोझलिंड नंतर म्हणाली, वरच्या मजल्यावर एकीनंही टाळी वाजवली नाही. सगळ्या उभ्या होत्या, हात खाली सोडून, आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते, परत परत, एकच काहीतरी. ती लांब विंगेत उभी होती, तिला वाचता आलं नाही. आणि माझ्या डोळ्यांवर सगळे दिवे. मला वर नुसता काळोख दिसत होता.

काय म्हणत होता तुम्ही?

ॲव्हिस


नेल्सन
२१ ऑक्टोबर १९७७

प्रिय ॲव्हिस,

आधी काही ठरलं नव्हतं. तू पुढे आलीस आणि क्लारा टाळ्या वाजवायला लागली, तर नेलीनं तिचे हात धरले. ओठांनी म्हणाली, "तिला कुठे ऐकू येणार? तिला कळेल असं बोला." मग आम्ही सगळ्या बोललो. चोपन्न जणी. तू समोर बघून हसत होतीस, आम्हाला वाटलं तू वाचतेयस. घरी येताना बसमध्ये सगळ्या खूश, "कळलं तिला, कळलं" म्हणत. दिवे तुझ्या डोळ्यांवर असतात हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

काल तुझं पत्र आल्यावर मी क्लाराच्या घरी गेले, तिथून नेलीकडे. बैठक झाली.

काय म्हणालो ते मी पत्रात लिहिणार नाही. लिहिलं की कार्डावर छापल्यासारखं दिसतं, आणि ते तसं नव्हतं. शिवाय ते माझ्या एकटीचं नाही.

शनिवारी दुपारच्या प्रयोगाला आम्ही परत येतोय. या वेळी दोन बस. बर्नलीच्या बायकाही येतायत, त्यांची बोली जरा आखडलेली आहे, पण चालेल. त्या बूटवाल्या पोरीला सांग, शेवटी वाकून झालं की तुमच्याकडचे दिवे बंद करायचे आणि आमच्याकडचे लावायचे. दोन मिनिटं पुरे. खालच्या लोकांना तोवर टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवू देत.

मग तू वर बघ.

तुझी,
एडिथ